स्वयंवह यंत्र : एका न फिरलेल्या चाकाची कथा

लग्नघटिका साधण्यासाठी घंगाळात सोडलेले घटिकापात्र आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्या मंडळींनी तरी पाहिले असेलच. बुडाशी बारीकसे छिद्र असलेली ती तांब्याची वाटी पाण्यावर तरंगते, हळूहळू भरते आणि २४ मिनिटांनी, म्हणजे एका घटकेने, बुडते. अहोरात्रात अशा ६० घटका. वाटी बुडाली की कोणीतरी ती उचलावयाची, रिकामी करावयाची आणि पुन्हा पाण्यावर सोडावयाची. राखणदाराला डुलकी लागली की घटका चुकली आणि मुहूर्तही गेला. कालमापनाची ती सगळी व्यवस्था एका जागत्या माणसावर अवलंबून असे. मग माणसाच्या हातावाचून, आपले आपणच चालत राहील असे यंत्र का करू नये? आमच्या ज्योतिर्विदांच्या मनात स्वयंवह यंत्राची कल्पना उगवली ती ह्याच विचारातून असावी, असे आम्हांस वाटते.

ह्या कल्पनेचा इतिहास जुना आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात पारा, तेल आणि पाणी ह्यांच्या साहाय्याने कालाच्या गतीने फिरणाऱ्या लाकडी गोलाचा उल्लेख केला आहे. टीकाकारांनी त्याचा उलगडा असा केला की, पात्रातील पाणी खालच्या छिद्राने जसजसे वाहून जाईल तसतसे त्यावरील वजन खाली उतरते आणि दोरीने गोलाला ओढते. त्यात गूढ काही नाही. पाणी संपले की गोल थांबला. परंतु इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ब्राह्मस्फुटसिद्धान्तात पाऱ्याच्या चाकाचे जे वर्णन केले, ते निराळे होते. त्या चाकाला बाहेरून काहीच लागावयाचे नव्हते. पुढे लल्लाने त्याच जातीची यंत्रे सांगितली, आणि भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या यंत्राध्यायात त्यांचे विवेचन केले.

त्यांतील मुख्य यंत्र असे : हलक्या लाकडाचे एक वाटोळे चाक घ्यावयाचे. त्याला सारख्या मापाच्या, सारख्या अंतरावर बसविलेल्या आणि सगळ्या एकाच दिशेला किंचित वाकविलेल्या पोकळ आऱ्या लावावयाच्या. प्रत्येक आरीत अर्धवट पारा भरून तिचे तोंड बंद करावयाचे आणि चाक दोन खांबांवरील आसावर चढवावयाचे. खाली उतरणाऱ्या बाजूच्या आऱ्यांतला पारा परिघाकडे धावेल, वर चढणाऱ्या बाजूचा पारा आसाकडे येईल, एक बाजू सदैव भारी राहील आणि चाक अखंड फिरेल, अशी ही योजना. वाचताना ती इतकी पटते की, आपणही सुताराकडे जाऊन एक चाक करवून घ्यावे असा मोह व्हावा!

भास्कराचार्य कोठले, ह्याविषयी आमच्या सीमाभागातील वाचकांस विशेष कुतूहल वाटेल. आपले गाव सह्याद्रीच्या सान्निध्यातील विज्जलविड असल्याचे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. काही विद्वान विज्जलविड म्हणजे विजापूर असे मानतात, तर काही ते खानदेशात चाळीसगावजवळील पाटण्याच्या आसपास शोधतात. पाटण्याच्या बाजूने बोलणारा पुरावा दगडावर कोरलेला आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण ह्यांचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांनी पाटण्यास मठ स्थापिला, त्याला इ. स. १२०७ मध्ये दान मिळाल्याचा शिलालेख तेथील देवळात आहे. गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनी तो १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणला. त्याच सुमारास, इ. स. १२०४ मध्ये, इकडे बेळगावात रट्टांच्या राज्यात आजच्या किल्ल्यातील कमल बस्ती उभी राहिली. विजापूर की पाटणे ह्या वादात आम्ही पडत नाही. एक वाद आमच्या वाट्याला आलाच आहे, तेवढा पुरे!

आता मुख्य प्रश्न. ते चाक फिरते काय? फिरत नाही. त्याचे कारण समजण्यास मोठे गणित लागत नाही. काट्याच्या दांडीवर मध्यापासून दोन विती अंतरावर एक शेर टांगा आणि दुसऱ्या बाजूस एक वीत अंतरावर दोन शेर टांगा. दांडी समतोल राहते. पाऱ्याच्या चाकात नेमके हेच घडते. परिघाकडे सरकलेला पारा आसापासून दूर असतो खरा, पण तसा पारा असलेल्या आऱ्या कोणत्याही क्षणी संख्येने कमी असतात. आसाजवळचा पारा जवळ असला तरी तशा आऱ्या अधिक असतात. दोन्ही बाजूंचा हिशेब सारखा मिटतो. हाताने फिरविलेले चाक काही वेळ डोलते आणि आसाच्या घर्षणाने थांबते. निपाणी-चिकोडीकडच्या मळ्यांत ज्यांनी मोट हाकलेली आहे त्यांना हे वेगळे सांगावयास नको. धावेवरून उतरताना बैलाला आपल्या भाराची मदत होते, पण मागे परत चढताना त्याचे मोल त्याला मोजावेच लागते. फुकट पाणी विहिरीबाहेर कधीच आले नाही.

परंतु कल्पनेला पाय असतात. सिद्धान्तशिरोमणीनंतर शंभर वर्षांच्या आत, १२३५ च्या सुमारास, व्हिलार द ओनकूर नावाच्या फ्रेंच कारागिराने आपल्या वहीत अशाच एका आपोआप फिरणाऱ्या चाकाचे चित्र काढले. त्याने आऱ्यांऐवजी लोंबते हातोडे योजिले आणि पाऱ्याचाही उल्लेख केला. हिंदुस्थानातील ही कल्पना अरबांच्या मार्गे युरोपात गेली असावी, असे मत लिन व्हाइट ह्या अमेरिकन इतिहासकाराने १९६२ मध्ये मांडले. त्यानंतर पाचशे वर्षे युरोपात हौशी लोकांची रीघ लागली. जर्मनीत ओर्फिरेउस ह्या नावाने वावरणाऱ्या बेस्लरने १७१७ मध्ये हेसे-कासेलच्या राजाच्या वाड्यात आपले चाक बसविले. खोलीला कुलूप आणि मोहर करून ते ठेवण्यात आले, आणि ५४ दिवसांनी दार उघडले तेव्हाही ते फिरत होते असे नोंदले आहे. पुढे एका विद्वानाने त्याची बाहेरून पाहणी केली, तेव्हा आपले गुपित चोरले जाईल ह्या संशयाने बेस्लरने ते स्वतःच्या हाताने मोडून टाकले. शेजारच्या खोलीतून चाक फिरविले जात असे, अशी साक्ष त्याच्या मोलकरणीने नंतर दिली. अखेर १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठराव केला की, अखंड गतीच्या यंत्रांचे प्रस्ताव ह्यापुढे तपासले जाणार नाहीत. त्या नादात कित्येक कुटुंबे धुळीस मिळाली, हेही कारण त्या वेळी देण्यात आले होते.

मग ही सगळी धडपड वाया गेली काय? आम्हांस तसे वाटत नाही. १८४२ मध्ये मायर, पुढच्याच वर्षी जूल आणि १८४७ मध्ये हेल्महोल्ट्झ ह्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडला : ऊर्जा रूप पालटते, पण शून्यातून निर्माण होत नाही. त्यांतील हेल्महोल्ट्झने तर अखंड गती अशक्य आहे, हे गृहीत धरूनच आपला विचार उभारला. शेकडो हौशी लोकांची चाके थांबली, तेव्हा त्या थांबण्याचाच नियम झाला. त्याच नियमावर आजचे सारे यंत्रशास्त्र उभे आहे.

ह्याचे दृश्य उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. गोकाकला घटप्रभा सुमारे १७० फूट खाली उडी घेते, आणि त्या पाण्याच्या बळावर तेथील कापडगिरणी १८८७ पासून चालू झाली. पहाणाऱ्याला वाटते, ही तर निसर्गाची अखंड गती! परंतु खाली पडलेले पाणी आपण होऊन वर चढत नाही. ते कृष्णेतून समुद्राला मिळते, सूर्य ते वाफेच्या रूपाने उचलतो, मोसमी वारा सह्याद्रीवर आणून ओततो, तेव्हा कोठे घटप्रभा पुन्हा भरते. घटिकापात्र उचलणारा माणूस होता. येथे ते काम सूर्य करतो, एवढेच अंतर. ज्या वर्षी पाऊस दडी मारतो त्या वर्षी धबधब्याची जी धार उरते, तीच ह्याची साक्ष.

असे असूनही दर पिढीत कोणी तरी नव्या उमेदीने त्या चाकाच्या मागे लागतो. पाऱ्याच्या जागी लोहचुंबक येतात. मोटारीने डायनॅमो फिरवावा आणि त्याच डायनॅमोने मोटार चालवावी, अशा योजना निघतात. १९७० च्या आमच्या पेटंट कायद्यानेही, निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेला शोध हा शोधच नव्हे, असे तिसऱ्या कलमात स्पष्ट केले आहे. अशा हौशी माणसाची आम्ही थट्टा करणार नाही. हातांत कसब आणि डोक्यात प्रश्न असल्यावाचून कोणी त्या वाटेला जात नाही. केवळ त्या कसबाला योग्य प्रश्न मिळाला नाही, एवढेच. तो मिळाला म्हणजे काय होते, हेही बेळगावनेच पाहिले आहे. ह्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरला १८६९ मध्ये जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलीचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याची यंत्रे केली आणि लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन बिघडते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, म्हणून नांगर पडून राहिले. तरी ते थांबले नाहीत. १९१० मध्ये औंध संस्थानात जाऊन त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. फुकटची शक्ती देण्याचे वचन त्यांनी कोणाला दिले नव्हते. आहे ती शक्ती अधिक कामी कशी येईल, एवढेच त्यांनी पाहिले.

शेवटी एक गोष्ट आमच्या समाजबांधवांना विनयपूर्वक सांगावीशी वाटते. अलीकडे पूर्वजांच्या गौरवासाठी, भास्कराचार्यांचे चाक खरोखर फिरत होते, असे कोणी कोणी ठासून सांगतात. हे ऐकून मान ताठ होते खरी, परंतु अशाने आचार्यांचा गौरव होत नाही. त्यांचा यंत्राध्याय शेवटपर्यंत वाचणाऱ्यास दिसते की, अशी स्वयंवह यंत्रे कुहकविद्येने, म्हणजे चमत्कार दाखविण्याच्या कलेने, नाना प्रकारची होतात. खगोलाशी त्यांचा संबंध नाही. पूर्वीच्यांनी सांगितली म्हणून आपणही सांगितली, असे म्हणून ते तो विषय आवरते घेतात. परंपरा जपावी, पण तिचे वजन किती हे स्वच्छ सांगावे, हा त्यांचा बाणा आहे. आणि त्याच अध्यायात गोल, शंकू, घटी, चक्र अशी एकामागून एक यंत्रे मोजताना त्यांनी खरे यंत्र म्हणून एकच मानले आहे : धी, म्हणजे बुद्धी. हातात एक साधी काठी असली तरी बुद्धिमंतास आकाश मोजता येते, असा त्यांचा विश्वास होता.

पाऱ्याचे चाक कधी फिरले नाही. धीयंत्राला मात्र आठशे वर्षांहून अधिक काळ एकाकडून दुसऱ्याकडे गती मिळत आली आहे. चांगदेवांनी मठ स्थापिला तो ह्यासाठीच. तेही यंत्र आपोआप चालत नाही. घटिकापात्रासारखे ते प्रत्येक पिढीने उचलून पुन्हा पाण्यावर सोडावे लागते. मुलाने घरात चाक जोडावयास घेतले, तर त्याला हिणवू नये. ते का थांबले, एवढे त्याच्याबरोबर बसून शोधावे. आचार्यांचे खरे स्मरण तेच होय.