देवमाशाच्या कानाची कुळकथा

देवमाशाला बाहेरून दिसणारा कान नसतो. १५९८ सालच्या एका डच छापचित्रात मात्र तो आहे, डोळ्याच्या अगदी मागे, चांगला ठसठशीत. त्या फेब्रुवारीत काटवाइकजवळ बेर्खेच्या किनाऱ्याला एक देवमासा लागला. हेंड्रिक गोल्त्सियसने त्याचं चित्र काढलं आणि त्याचा सावत्र मुलगा याकोब माथाम याने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. डच प्राणिचित्रांची गोष्ट सांगणारे सहसा रेम्ब्रांटच्या हत्तिणीकडे (१६३७) नाहीतर पाउलस पॉटरच्या बैलाकडे (१६४७) धावतात. मी या कानापासून सुरुवात करतो.

तो कान म्हणजे खरं तर छातीजवळचा पर. मग तो डोळ्याला इतका चिकटला कसा? कलेचे इतिहासकार अर्न्स्ट गॉम्ब्रिख यांच्या मते चित्रकाराच्या मनात डोक्याचा साचा तयार होता आणि त्या साच्यात कान होता. मला हे पटत नाही. जुना साचाच हात चालवत असता तर अंगावर खवले आले असते, तोंडात सुळे आले असते. ओलाउस माग्नुसच्या १५३९ च्या नकाशातले समुद्रराक्षस तसेच आहेत. इथे ठोकळ्यासारखं डोकं आणि चिंचोळा खालचा जबडा अगदी बरोबर उतरले आहेत. चुकली ती फक्त पराची जागा.

ती चूक किनारा आणि कार्यशाळा यांच्यामधल्या वाटेवर झाली, असा माझा तर्क आहे. १६०१ च्या अखेरीस बेवरवाइकला आलेल्या देवमाशाचं चित्र यान सान्रेदामने काढलं. त्यात तो स्वतः रेखाटन करताना दिसतो. भोवती गर्दी लोटलेली, आणि काउंट एर्न्स्ट कासिमिर नाकाला रुमाल लावून उभा. अशा दुर्गंधीत हात घाईनेच चालणार. गोल्त्सियसनेही परांसारखे तपशील मागाहून, हार्लेमच्या आपल्या कार्यशाळेत बसून आठवणीने जुळवले असणार. थांबायला सवडही नव्हती. स्पेनशी युद्ध चालू होतं, वाहून आलेला देवमासा लोकांना अपशकुन वाटे (सान्रेदामने चौकटीत ग्रहणंही काढली आहेत), आणि बातमी ताजी असेतोच चित्र खपायचं.

पुढे हा कान इटलीत पोचला. १६०१ मध्ये आंकोनाला लागलेल्या देवमाशाचं एक छापचित्र निघालं, प्रत्यक्ष पाहून हुबेहूब काढल्याची ग्वाही देणारं. त्या देवमाशालाही कान आहे. आंकोनाच्या कारागिराने डच चित्रच समोर ठेवलं होतं, हे गॉम्ब्रिख यांनीच दाखवून दिलं, आणि तिथे मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे.