उजेडाचं उचंत खातं

'दिवे लावणे' हा वाक्प्रचार मराठीत चांगल्या अर्थानं कुणी वापरत नाही. मला बी.कॉम.ला सेकंड क्लास मिळाला तेव्हा वडील "लावलेत दिवे!" एवढंच बोलले आणि आईनं देवापुढे खराच एक लावला. पण दिवे लावणाऱ्याविषयी इतका कडवट असलेला आपला समाज दुसऱ्यानं लावलेले दिवे बघायला मात्र पोराबाळांसकट, डबे बांधून, प्रसंगी समुद्र ओलांडून जातो. या हौसेलाही इतिहास आहे. इतिहासकारांना लढायांतून सवड मिळत नाही, म्हणून तो बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसानं सांगायला घेतला आहे. जमा आणि नावे या दोन बाजूंपलीकडे आम्हांला काही दिसत नाही. ही आमची मर्यादा समजा किंवा शिस्त.

मुंबईत गाडीत बसून रोषणाई बघत हिंडण्याचा जुना मान राजघराण्याकडे जातो. ८ नोव्हेंबर १८७५ या दिवशी इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, मुंबईत उतरले. शहर दिव्यांनी सजलं आणि त्यातून युवराजांची बग्गी फिरली. रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ पासून होतेच. बाकी भिस्त तेलावर आणि वातीवर. म्हणजे हिशेब असा, की बघणारा एक आणि तेल घालणारे हजारो.

लोकशाहीनं हा हिशेब उलटा केला. २६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला, सरकारी इमारतींवर दिव्यांच्या माळा चढल्या आणि बघणारे हजारो झाले. आता प्रत्येकाला बग्गी कुठली परवडणार? तिच्या जागी ट्रक आला. दिवसा कांदेबटाटे वाहणारा ट्रक संध्याकाळी धुऊन घ्यायचा, हौद्यात सतरंजी अंथरायची, कडेला तरणी पोरं, मध्ये बायका, म्हाताऱ्या आणि चिवड्याचे डबे. या कार्यक्रमाला 'लायटिंग बघायला जाणं' म्हणत. 'रोषणाई' हा शब्द दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात असायचा, ट्रकमध्ये 'लायटिंग'च.

आता तुम्ही म्हणाल, यात रायगडच्या किनाऱ्याचा संबंध काय? सांगतो. आम्ही रेवदंड्याचे. आमच्या जिल्ह्याचं नाव पूर्वी कुलाबा. मुंबईतलं झगमगीत कुलाबा निराळं आणि आमचं निराळं, हे परगावच्या माणसाला समजावता समजावता दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. शेवटी १ जानेवारी १९८१ ला जिल्ह्याचं नाव रायगड झालं आणि घोटाळा मिटला. अंधार मात्र नाव बदलून मिटत नाही. आमच्या किनाऱ्यावर मोठा दिवा म्हणाल तर खांदेरीच्या दीपस्तंभाचा, १८६७ सालचा. पण तो दिवा जहाजांसाठी, आणि त्याचा निरोप एवढाच, की बाबांनो, इकडे येऊ नका! असा दिवा बघायला कोण जाणार? म्हणून आम्ही एस.टी.नं रेवस गाठायचं, लाँचमध्ये बसायचं आणि भाऊच्या धक्क्यावर उतरून मुंबईचे दिवे बघायचे.

आणि इथंच खरी गंमत आहे. मुंबईचा हा उजेड तयार कुठं होत होता? तर आमच्याच जिल्ह्यात! टाटांनी लोणावळ्याच्या बाजूला तलाव बांधले, त्यांचं पाणी नळांतून पाचशे मीटरांहून अधिक खाली सोडलं आणि घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला, १९१५ साली वीजघर सुरू केलं. वीज गेली मुंबईच्या कापडगिरण्यांना. मागोमाग १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा. तिन्ही गावं आमच्या जिल्ह्यातली. वीज तारेवरून मुंबईला गेली. काम संपलेलं पाणी आमच्याकडे आलं. खोपोलीचं पाताळगंगेतून धरमतरच्या खाडीत, म्हणजे आमची लाँच सुटते त्या रेवसच्या तोंडाशी. भिऱ्याचं कुंडलिकेतून थेट आमच्या रेवदंड्याला.

भिऱ्याच्या पाण्याची कथा तर एखाद्या बँक कर्मचाऱ्यासारखी आहे. ते मूळचं मुळा नदीचं. मुळा, मुठा, भीमा, कृष्णा अशी बढती घेत घेत त्यानं बंगालच्या उपसागरात निवृत्त व्हायचं, हे निसर्गानं ठरवलेलं. मध्येच मुळशीला धरण आलं आणि त्याची थेट कोकणात बदली झाली. आमच्याकडे बदलीची ऑर्डर आली की माणूस युनियनकडे तरी धावतो. पाण्याला युनियन नाही.

माणसं मात्र धावली. १९२१ साली मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पुढे तो पांडुरंग महादेव बापट यांनी चालवला, तुरुंग सोसला, आणि याच लढ्यानं त्यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली. १९२४ पर्यंत लढा विझला. भातखाचरं, देवळं, घरं पाण्याखाली गेली. आमच्या आजीचं माहेर त्यातलंच. दहा-बारा वर्षांची पोर, आईच्या पदराला धरून घाट उतरून नातेवाइकांकडे आली, इकडेच तिचं लग्न झालं आणि ती कोकणची झाली. माहेरचा विषय निघाला की ती एकच वाक्य बोलायची, "ते बुडालं." आम्हां पोरांना वाटायचं, कुणीतरी जहाज बुडालं असणार. समुद्राकाठच्या पोरांना बुडण्याचा दुसरा अर्थ कुठला ठाऊक?

१९८८ च्या २६ जानेवारीला वडील आम्हां सगळ्यांना, आजीसकट, लायटिंग बघायला घेऊन गेले. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, विषय भूगोल. काका लालबागच्या चाळीत राहायचे. १९८२ च्या संपानंतर काकांची गिरणी पुन्हा धड चालली नव्हती, पण चाळीतल्या एकाचा ट्रक होता आणि हौसेला संप माहीत नव्हता. भायखळ्यावरून व्ही.टी. आली. पिवळ्या बल्बांनी घुमटापासून खांबांपर्यंत आखलेली ती इमारत समोर आल्यावर अख्ख्या ट्रकनं मिळून एक मोठा 'हाऽऽ' केला. त्या गोंधळात माझा चुलतभाऊ, वय वर्षं नऊ, वडिलांना म्हणाला,

"आप्पाकाका, तुमच्याकडे असली लाइट असते?"

वडिलांनी चष्मा सारखा केला. वर्गात नकाशा अडकवण्यापूर्वी करायचे तसा. म्हणाले, "अरे, ही लाइट आमच्याकडूनच तर येते!" आणि मग महापालिकेपासून हुतात्मा चौकापर्यंत त्या ट्रकमध्ये खोपोली, भिवपुरी आणि भिरा यांचा पाठ झाला. मुळशीचं नाव आलं तेव्हा ते जरा अडखळले. आजी इतका वेळ डब्यावर हात ठेवून गप्प बसली होती. ती म्हणाली,

"बाळ, म्हणजे आमच्या पाण्यावर लागलेत हे?"

"हो आई. त्यातले थोडे तरी."

आजीनं मान वर करून दिव्यांकडे पुन्हा एकदा नीट बघितलं. मघापेक्षा जास्त वेळ. "मग आमचं अंगण इथं आलं तर," ती म्हणाली. "बरं झालं. मला वाटलं होतं, नुसतंच बुडालं."

ट्रकमधलं कुणीच काही बोललं नाही. पुढं मरीन ड्राइव्हला राणीचा हार आला, पोरं पुन्हा ओरडली, काकूनं चिवडा वाटला. आजीनं आपला वाटा पदरात घेतला आणि खाल्ला नाही.

वडिलांचं 'थोडे तरी' अगदी भूगोलाच्या मास्तराचं होतं. ट्रॉम्ब्याचं औष्णिक केंद्र १९५६ पासून चालू होतं आणि मुंबईची भूक केव्हाच पाण्याच्या आवाक्याबाहेर गेली होती. कोळशाची वीज आणि मुळशीची वीज एकाच तारेत मिसळली, की बल्बाला विचारून उपयोग नसतो. आमच्या तिजोरीतल्या नोटांचं तेच. कुठली म्हातारीच्या गाठोड्यातली आणि कुठली शेटजींच्या पेटीतली, ते नोट सांगत नाही.

पण हिशेब म्हणून हिशेब राहतोच. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रभर भारनियमन होतं तेव्हा आमच्या शाखेत भर दुपारी मेणबत्ती लावून लेजर उघडायची वेळ येई. मुंबईला त्यातून बहुतेक सूट होती. एक वयस्क खातेदार काउंटरशी घाम पुशीत म्हणाला, "साहेब, उसाचा गाळपवाला नेहमी कोरड्या घशाचा!" हे वाक्य अर्थशास्त्राच्या तीन वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं.

आता लाँचची वाट बघावी लागत नाही. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू सुरू झाला. चिर्ल्याला चढा, जवळजवळ बावीस किलोमीटर पुढे शिवडीला उतरा. गेल्या प्रजासत्ताक दिनाला मी बायकोला आणि मुलीला गाडीतून नेलं. व्ही.टी.चं नाव बदललं आहे, बल्बांची जागा रंग पालटणाऱ्या दिव्यांनी घेतली आहे. इमारत क्षणात केशरी, क्षणात हिरवी. मुलीनं काचेतून फोटो काढले. मी वडिलांच्या पद्धतीनं खोपोलीपासून सुरुवात केली. मुळशीपर्यंत आलो तेव्हा तिनं मोबाईल खाली ठेवला आणि विचारलं, "मग पणजीला त्याचे पैसे कुणी दिले?"

कॉमर्सच्या माणसाला याहून नेमका प्रश्न कुणी विचारू नये.

बँकेत ज्या रकमेचा धनी लागत नाही, किंवा धनी ठाऊक असून कुठल्या खात्यात टाकायची ते ठरत नाही, ती आम्ही उचंत खात्यात ठेवतो. तिथं ती पडून राहते. वर्षातून एकदा ऑडिटर येतो, त्या नोंदीवर बोट ठेवतो आणि विचारतो, "हे अजून का मिटलं नाही?" आम्ही "बघतो साहेब" म्हणतो. नोंद मिटत नाही. पण कुणीतरी बोट ठेवतो म्हणून ती पुसलीही जात नाही. आजीचं अंगण त्या खात्यात आहे. आमच्या घराला यंदापासून नवा ऑडिटर मिळाला आहे, वय वर्षं बारा, आणि तो "बघतो" या उत्तरावर समाधान मानणाऱ्यातला दिसत नाही.

बायकोचं मत निराळं. ती म्हणते, "मुंबईचा हिशेब नंतर करा. आधी माळ्यावरचा दिवा मालवून या. त्याचं बिल तुमच्याच नावावर येतं."