गरज वाटली की घेऊ

२०२१ च्या एप्रिलमधली गोष्ट. मामाला कोविड झाला होता आणि तो घरीच क्वारंटाइन होता. व्हिडिओ कॉलवर बघतो तर स्वारी खुर्चीत बसून मॅच बघतेय. म्हटलं, "मामा, ऑक्सिमीटर लाव बघू." आकडा आला ८४! बोट बदललं, तरी ८४. मामा म्हणतो, "यंत्र बिघडलंय रे. मला काहीच त्रास नाही. गरज वाटली की जाऊ हॉस्पिटलात." आम्ही ऐकलं नाही, नेलंच. म्हणून आज तो आहे.

पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. ऑक्सिजन इतका कमी झालाय, हे त्या माणसालाच कसं कळत नाही? शोधत शोधत पोचलो थेट १८७५ सालच्या पॅरिसला.

१५ एप्रिल १८७५. 'झेनिथ' नावाचं बलून, आत तिघं: गॅस्तों तिसांदिए, जोसेफ क्रोसे-स्पिनेली आणि तेओदोर सिवेल. मंडळी नवखी नव्हती. यातले शेवटचे दोघं आदल्याच वर्षी पॉल बेर या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत, कमी दाबाच्या टाकीत बसून ऑक्सिजन घेऊन आले होते. झेनिथवरही ऑक्सिजन होता, पण थोडाच. तो पुरणार नाही असं बेरने पत्रातून कळवलं, पण काही बदलायला तोवर उशीर झाला होता. मग ठरलं, जपून वापरायचा. गरज वाटली की घेऊ.

ती गरज वाटलीच नाही. तिसांदिएने नंतर लिहून ठेवलंय की त्या उंचीवर त्रास होत नाही, उलट आतून आनंद वाटतो. ऑक्सिजनची नळी धरावी असं त्याच्या मनात आलं, तेव्हा हात उचलेना. मग शुद्ध गेली. बलून सुमारे ८,६०० मीटरपर्यंत गेलं. तो शुद्धीवर आला तेव्हा दोघं सोबती मेलेले होते.

असं का होतं? रक्तातल्या हिमोग्लोबिनचा एक रेणू ऑक्सिजनचे चार रेणू वाहून नेतो. फुप्फुसात ऑक्सिजन थोडा कमी झाला तरी तो जवळजवळ पूर्ण भरतो. एका मर्यादेखाली मात्र गाडी घसरते, ती झपाट्याने. आणि जीव गुदमरतो तो मुख्यतः कार्बन डायॉक्साइड साठल्यामुळे. मानेतल्या धमन्यांजवळचे सेन्सर ऑक्सिजन कमी झाल्याचं ओळखतात, श्वासही वाढवतात. पण त्या वाढलेल्या श्वासाने कार्बन डायॉक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून गुदमरल्यासारखं वाटत नाही. त्यात ज्या मेंदूने धोका ओळखायचा, तोच आधी बधिर होतो. आमच्या भाषेत सांगायचं तर जो सर्व्हर पडणार आहे, त्याच्यावरच मॉनिटरिंगची स्क्रिप्ट चालवण्यासारखं! मामाचंही बहुधा असंच झालं असणार.

शरीराकडे दुसरा उपायही आहे. ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन सोडतात आणि तांबड्या पेशी वाढतात. पेशींना ही कमतरता कशी कळते, या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं. १९७८ मध्ये मेसनर आणि हाबेलर ऑक्सिजनशिवाय एव्हरेस्ट चढले, ते आधी काही आठवडे शरीराला सवय करूनच. झेनिथने शरीराला दोन-तीन तासच दिले होते.

मग उरतं ते बाहेरून मोजणं. बोटातून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजायची युक्ती १९७० च्या दशकात सुचली ती ताकुओ आओयागी या जपानी इंजिनियरला. तो एप्रिल २०२० मध्ये गेला, नेमका त्याचं यंत्र घरोघरी पोचायला लागलं तेव्हा.

असो. तुमच्याही घरी तेव्हा घेतलेलं ते यंत्र एखाद्या ड्रॉवरमध्ये पडलं असेल. आज रविवार आहे, जरा सेल बदलून ठेवा. आणि घरातलं आजारी माणूस "मला काही होत नाहीये" म्हणालं, तरी एकदा आकडा बघा.