वरच्या आरपीएमला टर्बो गाडीचा दम कुठे जातो?



हायवेच्या रॅम्पवर आहात, मागून अठराचाकी ट्रक येतोय, मागच्या सीटवर मुलं. तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबता आणि गाडी चार हजार आरपीएमपर्यंत छान पळून एकदम ढेपाळते. गावात चालवताना मात्र काही तक्रार नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं. एका गॅरेजवाल्यानं पाच मिनिटांत निकाल दिला: "टर्बो गेला, अठ्ठावीसशे डॉलर." प्रत्यक्षात इंटरकूलरचा रबरी पाइप क्लॅम्पखाली चिरला होता. नवा साठ डॉलरला मिळाला. तेव्हापासून पिकनिकला कुणी ना कुणी हा विषय काढतंच, म्हणून एकदा नीट लिहून काढतोय.

आधी थोडी थिअरी. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा पंखा. तो हवा दाबतो, इंटरकूलर ती थंड करतो आणि मग ती इंजिनात जाते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं. अमेरिकेत १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये टर्बो आला तेव्हा नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारलं जाई. त्याची टाकी रिकामी झाली की गाडी आपणहून बूस्ट कमी करी. मालक ती भरायला विसरत आणि गाडीत दम नाही म्हणून कुरकुरत! आजचा कॉम्प्युटरही काही बिनसलं की इंजिन वाचवण्यासाठी असाच बूस्ट कापतो. म्हणजे ताकद गेली म्हणून टर्बो मेला असं नव्हे.

मग त्रास वरच्या आरपीएमलाच का? हिशोब करा. दोन लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला साधारण ६००० लिटर हवा ओढतं, आणि दाब दुप्पट असेल तर सुमारे १२,००० लिटरची सोय करावी लागते. ८०० आरपीएमच्या आयडलला हीच मागणी ८०० लिटरच्याही खाली असते. बारीक चीर, अर्धवट तुंबलेला फिल्टर, थकलेला पंप हे सगळे आयडलला खपून जातात. जोर लावला की उघडे पडतात.

आता तपासणी. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रत्येक पेट्रोल कारमध्ये स्टिअरिंगखाली ओबीडी-टू चं १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात बसणारा ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टर स्वस्तात मिळतो, फोनवर अ‍ॅप टाकलं की झालं. आधी कोड वाचा. पी ०२९९ म्हणजे बूस्ट कमी, पी ०३०० ते पी ०३०४ म्हणजे मिसफायर, पी ००८७ म्हणजे इंधनाचा दाब कमी. पण कोड बघून पार्ट बदलू नका, आपण एरर मेसेज वाचून सर्व्हर बदलत नाही तसंच. कोड फक्त लक्षण सांगतो.

खरी माहिती लॉगमध्ये मिळते. एमएपी सेन्सरचा आकडा लॉग करा. इंजिन बंद, किल्ली ऑन असताना समुद्रसपाटीला तो १०० किलोपास्कलच्या आसपास दिसेल, डेन्व्हरला ८३-८४. तेवढा वजा केला की उरतो तो बूस्ट. मग मोकळ्या रॅम्पवर तिसऱ्या गिअरमध्ये एकदा पूर्ण थ्रॉटल द्या, वेगमर्यादा सांभाळून. फोन शेजारच्याच्या हातात हवा, तुमच्या नव्हे. लहान टर्बोचा बूस्ट रेडलाइनजवळ हळूहळू उतरणं नैसर्गिक आहे, कड्यावरून पडल्यासारखा कोसळणं नव्हे.

बूस्ट कोसळत असेल तर आधी गळती शोधा. लहानपणी सायकलचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचा, तेच तत्त्व. टर्बोच्या तोंडाला टोपण लावून त्यातून १०-१५ पीएसआय हवा भरायची आणि जोडांवर साबणाचं पाणी मारायचं. घरी जमत नसेल तर गॅरेजला "स्मोक टेस्ट करा" असं स्पष्ट सांगा. पाइप वरून धडधाकट दिसतो, चीर बहुधा खालून किंवा क्लॅम्पखाली असते. फोक्सवॅगनच्या जुन्या १.८ टी इंजिनात डायव्हर्टर व्हॉल्व्हचा रबरी पडदा फाटायचा आणि हवा गोल फिरून परत टर्बोच्या आतच जायची. बाहेर काहीच दिसत नसे.

गळती नाही, एअर फिल्टर स्वच्छ आहे, तरी बूस्ट पडतो? मग एक्झॉस्ट तुंबलाय का पाहा. जुन्या मिसफायरमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून वितळतो. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावतात. २५०० आरपीएमला ३ पीएसआयहून जास्त दाब आला तर संशय पक्का. कन्व्हर्टर आणि इंजिनच्या कॉम्प्युटरवर फेडरल नियमानं ८ वर्षं किंवा ८०,००० मैलांची वॉरंटी असते, हे खिशात हात घालण्याआधी आठवा.

बूस्ट ठीक आहे पण गाडी गचके खाते? तर स्पार्क किंवा इंधन. दाबलेल्या हवेत ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून झिजलेला प्लग आयडलला गुणी बाळ असतो. मिसफायर दुसऱ्या सिलिंडरचा असेल तर त्याची कॉइल तिसऱ्यावर बसवा. कोड पी ०३०२ चा पी ०३०३ झाला तर गुन्हेगार कॉइल. खर्च शून्य. मात्र चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर जोर देऊ नका, कन्व्हर्टर त्यातच मरतो. इंधनाचा दाब वरच्या आरपीएमला खाली येत असेल तर पंप किंवा फिल्टर बघा.

पेट्रोलही तपासा. कोलोरॅडोसारख्या उंच राज्यांत ८५ ऑक्टेन "रेग्युलर" म्हणून मिळतं. टर्बोसाठी ते नको, मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच भरा. कमी ऑक्टेनला, किंवा टेक्ससच्या उन्हात, नॉकिंग जाणवताच कॉम्प्युटर टायमिंग मागे घेतो आणि ताकद जाते.

आणि टर्बो खरंच गेला असेल तर? निळा धूर, शिट्टीसारखा चढता आवाज, तेलाची पातळी घटत जाणं. पाइप काढून, इंजिन थंड असताना, शाफ्ट बोटानं हलवा. बाजूला किंचित हलणं चालतं, आत-बाहेर हलता कामा नये आणि पाती घासल्याची खूण नको. हे सगळं दिसलं तर अठ्ठावीसशेचं एस्टिमेट ऐकून घ्या, आणि तेव्हाही तेलाची नळी तुंबली होती का ते विचारा. नाहीतर नवा टर्बोही त्याच वाटेनं जाईल.