पठारे, पाठारे आणि खराडी : आडनाव मोजायचे कसे?

१/
खराडी म्हटले की आज डोळ्यांसमोर आयटी पार्क आणि उंच इमारती येतात. पण ‘खराडी’ हे आडनावही आहे. गंमत अशी की पुण्याच्या खराडी गावातील जुन्या कुळांचे आडनाव ते नाही. तिथली मोठी भावकी पठाऱ्यांची. आडनावांची जागतिक क्रमवारी देणारी संकेतस्थळे या दोन्ही नावांपुढे नेमके आकडे मांडतात. ते आकडे येतात कुठून, आणि त्यांवर कितपत विसंबावे, याचा हा थ्रेड.

२/
आधी स्थळ. मुळा-मुठेच्या उत्तर तीरावर, नगर रस्त्यालगत वसलेले हवेली तालुक्यातील हे गाव १९९७ च्या हद्दवाढीत पुणे महापालिकेत आले. नदीपलीकडे मुंढवा आणि हडपसर. २००९ व २०२४ मध्ये वडगाव शेरी मतदारसंघातून विधानसभेत निवडून गेलेले बापूसाहेब पठारे खराडीचेच. गाव शहरात विरघळले तरी त्याची जुनी ओळख आडनावात टिकून राहिली, ती अशी.

३/
पुण्याच्या पूर्वेकडील गावांत हा नमुना पुनःपुन्हा दिसतो. वाघोलीत सातव, वडगाव शेरीत गलांडे, हडपसरात मगर आणि तुपे. एका गावात एक-दोन आडनावांची दाट भावकी, आणि भोवती बलुतेदार व मागाहून आलेली कुटुंबे. त्यामुळे राज्याच्या पातळीवर विरळ भासणारे आडनाव एखाद्या गावात मात्र घरोघरी आढळते. ‘दुर्मीळ’ हा शब्द कोणत्या प्रदेशाच्या मानाने वापरला आहे, हे म्हणूनच प्रथम विचारावे.

४/
गाव आणि आडनाव यांचे देणेघेणे दोन्ही दिशांनी चालते. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर झाले. विठ्ठल शिवदेव यांचे मूळ आडनाव दाणी; विंचूरच्या जहागिरीमुळे ते घराणे विंचूरकर म्हणून प्रसिद्धीस आले. उलट, मगरपट्टा आणि टिंगरेनगर ही ठिकाणे आडनावांवरून ओळखली जाऊ लागली. पुणे परिसरातील दोन लोणी गावांत फरक करण्यासाठी लोक ‘लोणीकंद’ आणि ‘लोणी काळभोर’ म्हणतात. कंद आणि काळभोर ही त्या-त्या गावची आडनावे.

५/
मग खराडीची जुनी कुळे ‘खराडीकर’ का झाली नाहीत? याचे उत्तर ‘कर’ प्रत्ययाच्या उपयोगात आहे. जिथे सगळेच खराडीचे, तिथे ‘खराडीकर’ म्हटल्याने कोणाची ओळख पटणार? गावाचे नाव बहुधा गाव सोडलेल्या माणसाला चिकटते. परमुलखात लोक त्याला त्याच्या गावावरून हाक मारू लागतात. गावातच राहिलेल्यांना एकमेकांपासून वेगळे ओळखण्यासाठी कुळाचे नाव लागते.

६/
आता ‘पठारे’ची व्युत्पत्ती. पठार हा शब्द सर्वांच्या परिचयाचा, आणि भूगोलही त्याला अनुकूल आहे. पारनेर तालुक्यात कान्हूर पठार नावाचे गाव आहे. संगमनेर तालुक्याच्या एका भागाला आजही ‘पठार भाग’ म्हणतात. ‘ताम्रपट’साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेले कादंबरीकार रंगनाथ पठारे यांचे जन्मगाव जवळे, तेही पारनेर तालुक्यातले. त्यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ ही कादंबरी तर एका कुळाच्या अनेक शतकांच्या प्रवासावरच उभी आहे.

७/
परंतु शब्द जुळला म्हणजे इतिहास जुळला असे नव्हे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मराठी नावांच्या व्युत्पत्तीचा अफाट खटाटोप केला. ‘नामादिशब्दव्युत्पत्तिकोश’ हे त्याचे फळ. त्यांच्या अनेक व्युत्पत्त्या पुढील अभ्यासकांनी स्वीकारल्या नाहीत, कारण ध्वनिसाम्य हा फक्त एक दुवा असतो. अमुक कुळ अमुक पठारावरून अमुक गावी आले, असे म्हणायचे तर त्यासाठी वतनाचा, जमिनीचा किंवा वंशावळीचा कागद हवा.

८/
ध्वनिसाम्य किती फसवते याचे उदाहरण मुंबईत आहे. पाठारे प्रभू हा मुंबईच्या जुन्या रहिवाशांपैकी एक समाज. त्याच्या परंपरा बिंब राजाच्या कथेशी जोडलेल्या आहेत. चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर हे याच समाजाचे. वसई-पालघरकडे सोमवंशी क्षत्रिय पाठारे हा आणखी एक समाज आहे. येथे ‘पाठारे’ ही समाजाची ओळख आहे. घराण्यांची आडनावे जयकर, धुरंधर, राऊत, वर्तक अशी निराळी.

९/
देवनागरीत ‘पठारे’ आणि ‘पाठारे’ यांत एका कान्याचे अंतर आहे. रोमन लिपीत ते अंतर नाहीसे होते. दोन्ही शब्द एकाच रीतीने लिहिले जातात. रोमन अक्षरांवर चालणारी कोणतीही मोजणी देशावरची कुळे आणि कोकणपट्टीतील समाजनाम यांची सरमिसळ करणार. याच्या उलटही घडते. ‘शिंदे’ हे एकच आडनाव ग्वाल्हेरच्या राजघराण्यापुरते इंग्रजीत ‘सिंदिया’ झाले, आणि यादीत ती दोन स्वतंत्र आडनावे ठरली.

१०/
‘खराडी’ या आडनावाची गोष्ट याहून बोलकी आहे. गुजरातच्या साबरकांठा-बनासकांठा भागात आणि दक्षिण राजस्थानात आदिवासी समाजात हे आडनाव रुळलेले आहे. दुसरीकडे, लाकूड फिरवून घडवण्याच्या यंत्राला ‘खराद’ म्हणतात, आणि त्यावर काम करणारा तो खरादी किंवा खराडी. मराठीत आपण त्याला कातारी म्हणतो. म्हणजे एक आदिवासी कुळनाम, एक व्यवसायनाम आणि एक पुणेरी ग्रामनाम. संकेतस्थळाच्या एका ओळीत या साऱ्यांचा एकच ‘उगम’ होतो.

११/
मग खरी संख्या कोणाकडे आहे? भारताची जनगणना १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत आली (२०२१ ची मात्र लांबली), पण तिने आडनावनिहाय तक्ते कधीच प्रसिद्ध केले नाहीत. अमेरिकेत ते होते: २०१० च्या जनगणनेवरून तेथे किमान १०० जणांनी धारण केलेल्या १,६२,२५३ आडनावांची यादी काढली गेली. आपल्याकडे असा अधिकृत तक्ता नसल्याने संकेतस्थळांवरील आकडे म्हणजे हाती लागलेल्या याद्यांवरून केलेले अंदाज होत. शेवटच्या अंकापर्यंत लिहिल्याने अंदाजाची मोजणी होत नाही.

१२/
नावांची मोजणी किती बिकट असते हे २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय पाहणीने दाखवून दिले. १९३१ च्या जनगणनेत ४,१४७ जाती नोंदल्या होत्या. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेली नावे ४६ लाखांवर गेली! एकट्या महाराष्ट्रात ही संख्या ४,२८,६७७ भरली, आणि त्यांतील ९९ टक्के नावांखाली शंभराहूनही कमी माणसे होती. केंद्र सरकारने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे ही माहिती ठेवली.

१३/
इतक्या जाती अचानक निर्माण झाल्या नव्हत्या. जातीच्या रकान्यात कोणी पोटजात सांगितली, कोणी कूळ, कोणी आडनाव. प्रगणकांनी एकच शब्द नाना प्रकारे लिहिला. परिणामी हजारो ‘दुर्मीळ’ समूह कागदावर जन्मले. आगामी जनगणनेत जातीची नोंद करण्याचा निर्णय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला आहे. त्यामुळे नाव कसे लिहिले जाते हा प्रश्न हौशी वंशावळकारांपुरता उरलेला नाही. आरक्षण आणि प्रतिनिधित्व यांचा हिशेब त्यावर बेतला जाणार आहे.

१४/
मागे गेल्यास प्रश्न अधिक गुंततो. जुन्या मोडी कागदांत माणसाची ओळख नाव, ‘बिन’ किंवा ‘वलद’ लावून बापाचे नाव, हुद्दा आणि मौजे अशी पटवलेली असे. आडनाव कधी लिहिले जाई, कधी गाळले जाई. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळला जात नसे. पुढे जमीनमोजणी, शाळेचे दाखले आणि सरकारी नोकरी यांनी प्रत्येकाला एक ठरावीक आडनाव एका ठरावीक पद्धतीने लिहायला लावले.

१५/
पण याच कागदांत आडनावांचा सर्वांत मोलाचा पुरावा दडला आहे. दख्खनच्या गावांत शेतजमीन ‘थळां’त विभागलेली असे, आणि थळ मूळ मिरासदार कुळाच्या नावाने ओळखले जाई. कूळ नष्ट झाले किंवा परागंदा झाले की जमीन ‘गतकुळी’ ठरे. थळाचे नाव मात्र जुनेच राही. थळांची यादी म्हणजे थळझाडा. गावात आज ज्याचा एकही वारस नाही अशा आडनावाचा पत्ता थळझाड्यात लागू शकतो.

१६/
खराडीहून नगर रस्त्याने पुढे गेले की वाघोली आणि मग लोणीकंद. पेशवाई बुडाल्यावर थोड्याच काळात थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टरने या लोणीची बारकाईने पाहणी केली; ते वर्णन १८२३ मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीने छापले. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतरच्या त्याच गावाचा अभ्यास करून १९६० मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. गावाचा बदल मोजायचा तर त्याच गावाच्या दोन काळांतील नोंदी शेजारी ठेवाव्या लागतात. आडनावालाही हाच नियम लागू आहे.

१७/
आडनावे नाहीशी का होतात? हा प्रश्न फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ मध्ये जाहीरपणे विचारला आणि हेन्री वॉटसन यांनी त्याचे गणित मांडले. पित्याकडून पुत्राकडे जाणारे नाव प्रत्येक पिढीत योगायोगावर अवलंबून असते. दर पुरुषामागे सरासरी एकाहून अधिक मुलगा नसेल, तर नाव कधी ना कधी लोपते. सरासरी त्याहून अधिक असली तरी दोन-तीन घरांचे आडनाव एका निपुत्रिक पिढीत पुसले जाऊ शकते. म्हणून नाव विरळ असणे हे कूळ हीन असल्याचे किंवा अतिप्राचीन असल्याचे लक्षण नव्हे.

१८/
एक आडनाव म्हणजे एक रक्त, हे तरी खरे का? ब्रिटनमध्ये ब्रायन साइक्स यांनी २००० साली आपल्याच आडनावाच्या पुरुषांची जनुकीय तपासणी केली; जवळपास निम्म्यांचा पितृवंश एकच निघाला. लेस्टर विद्यापीठाच्या टुरी किंग आणि मार्क जोबलिंग यांनी २००९ मध्ये ४० आडनावे तपासली. विरळ आडनावांत समान पूर्वजाची शक्यता अधिक आढळली. ‘स्मिथ’सारख्या सार्वत्रिक व्यवसायनामात तसे काही दिसले नाही.

१९/
महाराष्ट्रात हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. वतन आणि नाव चालावे म्हणून दत्तक घेण्याची रीत येथे खोलवर रुजलेली होती. दत्तक बहुधा भाऊबंदांतून येई, पण नेहमीच नाही. तेव्हा नाव टिकले तरी रक्ताची रेषा बदललेली असू शकते. शिवाय नावेही बदलली. पुण्याच्या रास्ता पेठेला ज्या घराण्याचे नाव मिळाले, ते रास्ते मूळचे गोखले. नाना फडणवीस हे भानू, आणि पेशवे भट.

२०/
या साऱ्याला आज धार आली आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी जुने दस्तऐवज तपासायला घेतले, तेव्हा मोडी वाचकांना एकाएकी मागणी आली. अशा कामात नुसते आडनाव पुरत नाही. नोंदीतील माणूस अर्जदाराचा पूर्वज आहे हे वंशावळीने जुळावे लागते, कारण एकच आडनाव अनेक जातींत आढळते आणि एकाच जातीत शेकडो आडनावे असतात.

२१/
मग खराडीच्या पठाऱ्यांची मोजदाद करायची झाल्यास? मतदारयादी आजची घरे दाखवील. पण लग्न होऊन आलेल्या सुनांची गणना होईल आणि सासरी गेलेल्या लेकी गळतील. सातबारा आणि फेरफार नोंदी जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते सांगतील, पण भूमिहीनांबद्दल मौन पाळतील. छापील कुलवृत्तांत असलाच, तर त्यात पुरुषांची शाखा ठळक असेल. प्रत्येक साधन काही माणसे मोजते आणि काही वगळते. तिन्ही एकत्र ठेवली, तरच चित्राला आकार येतो.

२२/
खराडीत हे काम लवकर होणे अगत्याचे आहे. शेते बिगरशेती झाली, प्लॉटना क्रमांक मिळाले, इमारतींना परदेशी वळणाची नावे आली. शेताशिवाराची जुनी नावे आता वयोवृद्धांच्या बोलण्यात आणि भूमी अभिलेखांच्या दप्तरात उरली आहेत. गावोगावच्या तरुणांनी आजी-आजोबांकडून शेतांची, विहिरींची, आळ्यांची नावे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहून घ्यावीत. शेजारी सांगणाऱ्याचे नाव आणि तारीख टाकावी. उद्या कोणी जुना मोडी थळझाडा वाचायला बसला, तर त्यातले नाव जमिनीवर नेमके कुठे शोधायचे हे त्याला या वहीतून कळेल.

(थ्रेड समाप्त)