भिंतीच्या पोटातलं बळद

वाडा म्हटलं की आपल्याला आधी शनिवारवाडा आठवतो. पाया घातला १० जानेवारी १७३० ला, वास्तुशांत झाली २२ जानेवारी १७३२ ला, खर्च १६,११० रुपये. मग फेब्रुवारी १८२८ मध्ये आग लागली आणि कित्येक दिवस जळत राहिली. दगडी जोती, तट, दरवाजे उरले. लाकडातलं सगळं गेलं. आज आपण तिकीट काढून बघतो ते वाड्याचं कवच. आत माणसं रात्री दार कसं लावायची, धान्य कुठे ठेवायची, हे बघायचं तर साध्या घरांकडे जावं लागतं. आणि ती घरं आपण भराभर पाडतोय.

वाईजवळच्या गावात आमचं असंच एक घर आहे. ओटा, पडवी, माजघर, वर माळा. चौकबिवक काही नाही. माजघराच्या एका भिंतीला इतकी ओल आली होती की प्लास्टरला फुगे धरले होते. काकांचं म्हणणं होतं, "पाडू आणि दोन खोल्या काढू." मी पुण्यात कोड लिहिते. तिथला एक नियम अंगवळणी पडलाय: जुन्या कोडमधली ओळ कशासाठी आहे ते कळेपर्यंत डिलीट करायची नाही. म्हटलं, आधी भिंत वाचू.

सुरुवात दारापासून झाली. चौकटीशेजारी भिंतीत एक चौकोनी भोक होतं, त्यात जुनी वर्तमानपत्रं कोंबलेली. लहानपणी आम्ही त्याला उंदराचं बीळ म्हणायचो. कागद काढले, टॉर्च मारला, तर भोक हातभर नव्हे, चांगलं पुरुषभर लांब! आत वाळवीने खाल्लेला सागाचा ओंडका. ते अडसराचं घर होतं. दिवसा अडसर भिंतीत सरकवून ठेवायचा, रात्री ओढून दाराआड आडवा घ्यायचा. बाहेरून धक्का दिला तर जोर कडीकोयंड्यावर नाही, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर जातो. ना खिळा, ना स्क्रू. सुतारमामांनी नवा अडसर केला, तो आता एका हाताने सरकतो.

मग ओलीची भिंत. गवंडीमामांनी बोटाच्या पेराने ठोकून बघितली. एका जागी आवाज बदलला. पोकळ! वर माळ्यावर फळ्या उचलल्या, तर खाली काळोख. आजीला विचारलं. ती पटकन म्हणाली, "बळद असंल ते."

बळद म्हणजे भिंतीच्या पोटात केलेलं धान्याचं कोठार. माळ्यावरून ज्वारी ओतायची, खाली बोळा लावलेल्या छोट्या तोंडातून काढायची. आधी गेलेलं धान्य आधी बाहेर. आम्ही ज्याला क्यू म्हणतो तो हाच. कडुनिंबाचा पाला आणि राख घालायची, कीड लागत नाही. चोराला दिसत नाही ते वेगळंच. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात ज्या जिल्ह्यांना झळ बसली त्यांत सातारा होता. अशा मुलखात वर्षभराचं धान्य भिंतीत असणं ही हौस नव्हती.

आमचं बळद शेवटचं रिकामं झालं १९७२ च्या दुष्काळात. आजी तेव्हा नवी नवरी. खालच्या तोंडात हात घातला की आधी दाणे लागायचे, मग नुसती राख लागायला लागली, एवढंच ती सांगते. पुढे रेशन आलं, पत्र्याच्या कोठ्या आल्या, तोंड बुजवलं आणि १९८७ मध्ये वरून सिमेंट फिरवलं.

ओलीचं कारण तेच. जुनी भिंत माती-विटांची, चुन्याने सांधलेली. जमिनीतलं पाणी तिच्यात चढतं, पण चुन्यातून उडूनही जातं. सिमेंटने ती वाट बंद केली. म्हणून सिमेंट हळूहळू खरवडून काढलं आणि भिंत अख्खा उन्हाळा वाळू दिली. चुनकळी आधीपासून विरवून ठेवली होती. त्यात वाळू आणि विटांची भुकटी कालवून पातळ थर दिले. पूर्वी चुना मळायला गोल चरातून दगडी चाक बैलांनी फिरवायचे, ती चुन्याची घाणी. आम्ही मिक्सर भाड्याने आणला. चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेऊन, म्हणजे पुन्हा चुनखडीच बनून. त्याला घाई चालत नाही. पाणी मारत बसावं लागतं.

पावसाळा गेला. भिंतीला फुगा नाही. काका रोज तळहात लावून बघतात, पण बोलत नाहीत. घराला सात वाटेकरी आहेत आणि विकायचा विषय दिवाळीत पुन्हा निघणार आहे. तेव्हा दाखवायला माझ्याकडे कोरडी भिंत आहे, चालणारा अडसर आहे, आणि बळदाच्या तोंडाला आजीने स्वतः वळून लावलेला चिंध्यांचा नवा बोळा आहे. आत तिने दोन पायल्या ज्वारी ओतायला लावली. कशाला, असं कुणी विचारलं नाही.