नोंद आणि नाव

लैंगिक संसर्गाच्या रोगांविषयी झालेल्या कायद्यांचा इतिहास बहुधा वैद्यकाच्या किंवा नीतीच्या अंगाने लिहिला जातो. प्रस्तुत टिपणात तो नावाच्या अंगाने पाहावयाचा आहे. रोगाला कोणाचे नाव मिळाले, रोग्याचे नाव कोणी व कोठे लिहिले, आणि ते लिहिताना त्याची संमती विचारली गेली काय, हे प्रश्न भाषेच्या अभ्यासकास सुचणे स्वाभाविक आहे; त्यांची उत्तरे मात्र केवळ भाषिक नाहीत.

भावमिश्राने सोळाव्या शतकात ‘भावप्रकाशा’त ज्या व्याधीला ‘फिरंगरोग’ म्हटले, ती आजच्या वैद्यकातील सिफिलिस; मराठी बोलीत तिला गरमी म्हणतात. रोग परक्याच्या नावावर टाकण्याची ही रीत सार्वत्रिक आहे. याच रोगाला इंग्रजांनी ‘फ्रेंच’ म्हटले, तर फ्रेंचांनी ‘नेपल्सचा’.

एकोणिसाव्या शतकात परक्याची जागा बाजारातील स्त्रीने घेतली. गोऱ्या सैनिकांतील रोगांची सरकारला चिंता होती. १८६४ च्या छावणी कायद्याने लष्करी ठाण्यांतील वेश्यांवर नियंत्रण आले, आणि १८६८ च्या चौदाव्या कायद्याने तेच शहरांपर्यंत नेले. अधिसूचित शहरात वेश्येने आपले नाव सरकारी पटात लिहविले पाहिजे, ठरावीक मुदतीने शरीर तपासू दिले पाहिजे, आणि रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटला’त राहिले पाहिजे, अशी त्याची योजना होती. नाव न नोंदविता धंदा करणे हा गुन्हा ठरला. ज्या पुरुषांच्या काळजीपोटी हा सर्व खटाटोप झाला, त्यांच्या तपासणीची तरतूद या कायद्यात नव्हती. (‘लॉक’ हे नाव लंडनजवळच्या साउथवर्क येथील एका जुन्या कुष्ठाश्रमावरून आले असे मानतात, परंतु आत डांबलेल्या स्त्रीला त्यात कुलपाचाच अर्थ दिसला असेल, तर तिची व्युत्पत्ती चुकीची म्हणण्यास जीभ रेटत नाही.)

बंगालीत या कायद्याला ‘चौद्द आइन’ म्हणजे ‘चौदा कायदा’ असे नाव पडले. कायद्याचा क्रमांक लोकांच्या तोंडी सामान्यनाम होऊन बसावा, यावरूनच त्याची दहशत कळून येते. कलकत्त्यात अनेक स्त्रियांनी आपले नाव पटावरून कमी करावे असे अर्ज केले. कित्येकजणी फ्रेंचांच्या चंद्रनगरात निघून गेल्या. मुंबईत हा कायदा १८७० साली लागू झाला, १८७२ साली स्थगित झाला, पुन्हा १८८० साली आला. नगरपालिका खर्चाचा वाटा उचलण्यास राजी नव्हती आणि स्त्रिया नोंदणी टाळीत, या दोन्ही गोष्टी त्याच्या अपयशाच्या मुळाशी आहेत. यांतील पहिलीचा उल्लेख इतिहासग्रंथांत सविस्तर येतो. दुसरी अधिक महत्त्वाची आहे: ज्या पटात नाव जाणे म्हणजे कोठडीचा मार्ग, त्या पटापासून माणूस दूर पळणारच, आणि त्याबरोबर त्याचा रोगही. इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर यांच्या चळवळीने तेथील कायदे १८८६ साली रद्द झाले; दोन वर्षांनी हिंदुस्थानातील कायदाही गेला.

रीत मात्र गेली नाही. भारतात एच.आय.व्ही. प्रथम १९८६ साली मद्रासमध्ये आढळला, तो वेश्याव्यवसायावरून ताब्यात घेतलेल्या स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत. ज्यांचे नमुने घेणे सोपे होते त्यांच्यातच शोध झाला, आणि मग रोगही ‘त्यांचाच’ ठरला.

गोव्यात १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात पुढे दुरुस्ती होऊन एच.आय.व्ही.बाधिताला वेगळे ठेवण्याची तरतूद आली. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमनिक डिसोझा या तरुणास पोलिसांनी ताब्यात घेतले. त्याने रक्तदान केले होते. त्या रक्ताच्या तपासणीतून त्याचे नाव सरकारला कळले. क्षयरोग्यांसाठी पूर्वी वापरात असलेल्या इमारतीत त्याला ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. दरम्यान कायद्यातील सक्ती जाऊन वेगळे ठेवणे सरकारच्या मर्जीवर आले, म्हणजे ‘ठेवले पाहिजे’चे ‘ठेवता येईल’ झाले. परंतु न्यायालयाने तरतूद वैध ठरविली. व्यक्तीचा हक्क व सार्वजनिक हित यांत विरोध आल्यास पहिल्याने माघार घ्यावी, असा निकालाचा आशय होता. कोंडण्याने सार्वजनिक हित खरोखर साधते काय, हा प्रश्न निकालाने पुरेसा तपासला असे मला वाटत नाही. मुंबईचा १८७० नंतरचा अनुभव त्यासाठी हाताशी होता. डॉमनिक १९९२ साली वारला.

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयानेच निराळी वाट धरली. एका रोजंदारी कामगाराला एच.आय.व्ही. आहे म्हणून कामावर घेण्याचे नाकारण्यात आले होते. काम करण्यास तो समर्थ असेल व इतरांस धोका नसेल, तर केवळ बाधेवरून त्याला नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. त्या निकालात वादी ‘एम. एक्स.’ आहे, मराठीत आपण ‘अमुक’ म्हणू. ज्या राज्ययंत्रणेने एकेकाळी नाव सक्तीने लिहून घेतले, तिच्याच दप्तरात नाव न लिहिण्याचा हक्क असा दाखल झाला. संमतीशिवाय चाचणी नको व बाधा उघड करणे नको, हे तत्त्व २०१७ च्या एच.आय.व्ही. व एड्स कायद्याने काही अपवाद ठेवून मान्य केले. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला.

याच सुमारास सांगलीत नावाचा एक उलटा व्यवहार घडला. ‘संग्राम’ संस्थेने १९९२ पासून वेश्यांमध्ये त्यांच्याच हातून निरोध वाटण्याचे काम आरंभिले होते. त्यांतून १९९६ साली स्त्रियांनी स्वतःची संघटना उभारली व तिला ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ असे नाव दिले. सभ्य पर्याय उपलब्ध असताना शिवीचा शब्द नावाच्या आरंभी ठेवण्यात मला मोठा भाषिक निर्णय दिसतो: पटावर दुसऱ्याने लिहिलेला शब्द त्यांनी स्वतः लिहिला. २००५ साली वेश्याव्यवसायाला विरोध जाहीर करण्याची अट अमेरिकन निधीबरोबर आली, तेव्हा ‘संग्राम’ने तो निधी परत केला.

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात या स्त्रियांना आधारपत्र देण्याचा आदेश दिला, आणि धारकाचा व्यवसाय कळेल असा कोणताही संकेतांक नोंदणी क्रमांकात घालू नये असे बजावले. मात्र १९५६ च्या अनैतिक व्यापार कायद्यात १९८६ साली घातलेले, छाप्यात सोडवून आणलेल्यांची लैंगिक रोगांसाठी वैद्यकीय तपासणी करावी असे सांगणारे पोटकलम अद्याप तेथेच आहे. त्यात तिची संमती घेण्याचा उल्लेख नाही.